बाराचा खेळ पुन्हा लागावा

आज ३ मे. १९१३ साली याच तारखेला, शनिवारी, गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. त्याआधी २१ एप्रिलला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांनी तो पाहिला होता. पण आपण दिवस पाळतो तो तिकीटबारी उघडल्याचा, आणि ते योग्यच आहे. कॉरोनेशनच्या त्या वेळच्या जाहिरातीत चित्रपटाच्या जोडीला मिस आयरीन डेलमार यांचा नाच, एक विनोदी प्रवेश आणि पायांवर वस्तू खेळवणाऱ्या कसरतपटूची करामत असा भरगच्च ऐवज होता. हरिश्चंद्र-तारामतीचे सत्त्व आणि मिस डेलमार यांचा नाच एकाच तिकिटात! आज हे ऐकून कोणाच्या भावना दुखावतील ते सांगता येत नाही. तेव्हाच्या गिरगावकरांनी मात्र दोन्ही गोष्टी पचवल्या, आणि चार-चार दिवसांत खेळ बदलण्याच्या त्या काळात हा चित्रपट २३ दिवस चालला.

आज दिवसभरात फाळक्यांच्या पुतळ्यांना हार पडतील, भाषणे होतील, पुरस्कारांच्या याद्या वाचल्या जातील. त्या गर्दीत एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. आज, या क्षणी, महाराष्ट्रातल्या कोणत्या गावी रांगेत उभे राहून, तिकीट काढून, थिएटरात बसून एखादा साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा मराठी चित्रपट पाहता येईल? एखादा महोत्सव चालू असला तर गोष्ट वेगळी. एरवी उत्तर मिळणे कठीण.

कॉरोनेशन आता नाही. १४ मार्च १९३१ रोजी ज्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला, ते गिरगावचे मॅजेस्टिकही पाडले गेले. ‘शोले’ पाच वर्षांहून अधिक काळ जिथे मुक्कामाला होता, ते लॅमिंग्टन रस्त्यावरचे मिनर्व्हाही गेले. इमारती जायच्याच, शहर म्हटले की हे होणार, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. चित्रपटांचे तरी आपण काय केले? पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर अर्ध्या शतकाने. पी. के. नायर यांच्यासारखा झपाटलेला माणूस तिथे बसला, म्हणून फाळक्यांच्या कामाचे जे काही तुकडे उरले होते ते हाती लागले. ‘राजा हरिश्चंद्र’ची चारपैकी पहिली आणि शेवटची रिळे तेवढी शिल्लक आहेत, आणि तीही १९१३ची की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. २००३च्या जानेवारीत संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि मोठा ठेवा राख झाला. त्यात प्रभातच्या चित्रपटांची मूळ रिळेही होती.

अलीकडे मात्र जुन्या चित्रपटांना बरे दिवस आल्यासारखे दिसते. २०२२च्या ऑक्टोबरात अमिताभ बच्चन यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्यांचे जुने चित्रपट देशभर लावले, तेव्हा विशी-पंचविशीतली मुले थिएटरात नाचली. मग दिलीपकुमार, देव आनंद, राज कपूर यांच्या शताब्द्या आल्या. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ डागडुजी होऊन २०२४ साली आधी कान महोत्सवात आणि मग आपल्याकडे लागला. २०२५च्या डिसेंबरात ‘शोले’ त्याच्या मूळ शेवटासह, म्हणजे ठाकूर गब्बरला ठार मारतो त्या शेवटासह, परत आला. ज्यांनी हे केले त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच. तरीही एक गोष्ट खटकते. हे सगळे सोहळे आहेत. शनिवार-रविवार गाठून येतात, बहुतांशी मॉलमधल्या मल्टिप्लेक्सांत लागतात, आणि सोमवारी काही मागमूस उरत नाही. जुना चित्रपट पाहायचा तर त्याच्या नायकाने शंभरी गाठली पाहिजे, अशी ही पद्धत आहे. त्यातही शंभरी हिंदी नायकांची. राजा परांजपे यांची जन्मशताब्दी २०१० साली होऊन गेली. ‘लाखाची गोष्ट’ तेव्हा गावोगावच्या पडद्यांवर गाजत होती असे कोणाला आठवते का?

पूर्वी यासाठी शताब्दीची वाट पाहावी लागत नसे. त्यासाठी मॅटिनी होती.

मॅटिनीबद्दल आपण फार कमी लिहिले आहे. ज्यांनी ती पाहिली ते तिच्याबद्दल हळवे होतात, आणि हळवेपणात तिचा व्यवहार नजरेआड होतो. वास्तविक मॅटिनी ही पक्की व्यापारी सोय होती. तीन, सहा आणि नऊ हे थिएटरचे कमाईचे खेळ. सकाळी अकरा-बाराला इमारत, पंखे, डोअरकीपर, ऑपरेटर सगळे जागेवर आणि पडदा कोरा. वितरकाकडे जुन्या चित्रपटांच्या प्रती पेट्यांत पडून. त्या मामुली भाड्याने आणायच्या, तिकीट निम्म्यावर ठेवायचे आणि मिळेल ते गल्ल्यात टाकायचे. संस्कृतिरक्षण वगैरे कोणाच्या मनातही नव्हते. पण या व्यवहारातून जे घडले ते कोणत्याही संग्रहालयाला जमले नसते. चित्रपट लागून दहा-पंधरा वर्षे झाली की तो मॅटिनीला फिरत फिरत पुढच्या पिढीपुढे येई. वडिलांनी पहिल्या दिवशी पाहिलेला चित्रपट मुलगा कॉलेज बुडवून पाही. पहिल्या फेरीत आपटलेल्या चित्रपटांनाही दुसरी संधी मिळे. ‘मेरा नाम जोकर’ने १९७० साली राज कपूर यांना कर्जात घातले, त्याची कदर झाली ती पुढच्या प्रदर्शनांत. कोणता चित्रपट टिकणार याचा निकाल समीक्षकांच्या आधी बाराच्या खेळाची तिकीटबारी देत असे.

आणि प्रेक्षक तरी कोण? रात्रपाळी करून आलेला गिरणीकामगार, ज्याला चाळीतल्या खोलीत दिवसा झोपायला जागा नसे. सकाळचा स्वयंपाक उरकून शेजारणींबरोबर निघालेल्या बायका. गाडीला चार तास अवकाश असलेला परगावचा माणूस. एस.टी.चा कंडक्टर, कोर्टात पुढची तारीख पडलेला पक्षकार, आणि अर्थातच कॉलेजचे विद्यार्थी, ज्यांच्यावाचून एकही मॅटिनी चालली नसेल. यांतले कितीजण स्वतःला चित्ररसिक म्हणवत होते? बहुतेकांना सावली हवी होती, पंखा हवा होता, थोडा वेळ हवा होता. त्या वेळात समोर ‘श्री ४२०’ लागलेला असे, हे त्यांचे नशीब.

मॅटिनीचा एक अपमानही आहे, तो सांगितला पाहिजे. मुंबईत वर्षानुवर्षे नव्या मराठी चित्रपटाला मिळे ती मॅटिनीच. तीन-सहा-नऊ हिंदीला, आणि महाराष्ट्राच्या राजधानीत मराठीला दुपारचा उरलासुरला वेळ. त्यासाठी आंदोलने झाली, ती व्हायलाच हवी होती. नव्या मराठी चित्रपटाला मॅटिनीवर बसवणे हा अन्याय होता. जुन्या मराठी चित्रपटाला मॅटिनीदेखील न देणे हा निव्वळ करंटेपणा आहे.

हे चित्रपट आता मोबाइलवर फुकट मिळतात, मग थिएटरचा अट्टहास कशाला, असे विचारले जाते. उत्तर चित्रपटांच्या घडणीतच आहे. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. त्याची चौकट जवळजवळ चौकोनी. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा त्या चौकटीत जसा मावतो तसा आजच्या लांबट पडद्याला मावत नाही. त्या काळच्या थिएटरांचे पडदे त्याच मापाने बेतलेले असत. आवाज एकाच वाटेने, पडद्यामागच्या कर्ण्यातून येई आणि सगळ्या सभागृहात सारखा पसरे. पण मापापेक्षाही मोठी गोष्ट आहे वेळेची. हा चित्रपट सातशे-आठशे माणसांच्या प्रतिसादाला जागा ठेवून बांधलेला आहे. गौरीबाईंची आवली संतापून देवळात शिरते आणि पायातली वहाण विठोबावर उगारते. घरी एकट्याने पाहताना हा प्रसंग विनोदी वाटतो, किंचित जुनाटही. भरल्या सभागृहात आधी खालून हशा येतो, मग वरून. आणि तो विरता विरता लक्षात येते की बाईच्या घरात पोर आजारी आहे आणि हा राग खरा आहे. हसू आणि गलबलून येणे यांच्यामधला तो क्षण दिग्दर्शकांनी मोजून ठेवला आहे, आणि तो भरून काढायला गर्दी लागते. ‘जय संतोषी माँ’च्या वेळी बायका चपला बाहेर काढून थिएटरात जात. हा भाबडेपणा म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. घरच्या पडद्यासमोर कोणी चपला काढल्याचे आम्हांस माहीत नाही.

मल्टिप्लेक्समध्येही पडदा मोठा असतो, आवाज तर उत्तमच असतो, हे मान्य. पण शे-दीडशे रुंद, लोळत्या खुर्च्यांच्या खोलीत प्रत्येकजण आपापला हसतो.

जुन्या थिएटरांचे गोडवे गाताना तोंड आवरलेलेही बरे. खुर्च्यांत ढेकूण होते. जिन्याचे कोपरे पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेले असत. मुतारीचा वास पहिल्या पाच रांगांना आगाऊ तिकीट न काढता मिळे. बाल्कनीत आणि पिटात बसणारे वेगळ्या दारांनी आत येत, आणि एकट्या बाईला दुपारच्या अंधारात सुखाने चित्रपट पाहता येईल याची खात्री नसे. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, मग केबल, आणि घरबसल्या जुने चित्रपट दिसू लागल्यावर अनेक ठिकाणी सकाळच्या खेळाला अशी पोस्टरे लागली की त्या रस्त्याने शाळेची मुले नेणे पालकांना अवघड झाले. मॅटिनी कोणी मारली नाही. ती आपल्या मरणाने मेली, आणि शेवटी तिची अब्रूही गेली होती.

थिएटरमालकांनाही दोष देऊन भागणार नाही. २००१च्या धोरणाने महाराष्ट्रात मल्टिप्लेक्सांना सुरुवातीची वर्षे करमणूक करात पूर्ण सूट मिळाली; शेजारच्या जुन्या थिएटराने मात्र कर भरत राहायचे. पुढे फिल्मच्या जागी डिजिटल यंत्रे आली, तीही स्वतःच्या खर्चाने. जुनी पस्तीस मिलिमीटरची यंत्रे भंगारात गेली आणि रिळांचा चेंजओव्हर डोळा न लवता साधणारे ऑपरेटर घरी बसले. पाडायला जावे तर नव्या इमारतीत थिएटरसाठी जागा ठेवण्याची अट. हेतू चांगला, परिणाम असा की कित्येक मालकांनी पाडलेही नाही आणि चालवलेही नाही. शटर ओढले आणि पिंपळाला भिंतीत वाढू दिले.

जिथे इमारती वाचल्या तिथेही काय वाचले ते पाहावे. १९३८चे इरॉस मुंबईच्या ज्या आर्ट डेको समूहात येते, त्याला २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. बाहेरून ते देखणे उभे आहे. आत २०२४पासून आयमॅक्स आहे आणि हजारावर खुर्च्यांच्या जागी तीनशेच्या आसपास. १९३८चेच मेट्रो कधीच मल्टिप्लेक्स झाले. १९४९ साली मेहबूब खानांच्या ‘अंदाज’ने उघडलेल्या आणि ‘मदर इंडिया’चा पहिला खेळ पाहिलेल्या लिबर्टीचे लाकूडकाम आजही थक्क करते, पण तिथे जायचे ते महोत्सवाला किंवा मैफलीला. कुलाब्याचे रीगल १९३३पासून एकाच पडद्यावर तग धरून आहे. लोअर परळच्या दीपक टॉकीजमध्ये २०१४पासून काही वर्षे जगभरच्या अभिजात चित्रपटांचा चांगला प्रयोग झाला. तो टिकला नाही. पुण्यात १९३४चे प्रभात थिएटर २०१४च्या अखेरीस मूळ मालक किबे यांच्याकडे परत गेले, तेव्हा पाटी बदलली म्हणून पुणेकर हळहळले. पाटीपेक्षा, तिथे प्रभातचा चित्रपट शेवटचा कधी लागला होता यावर हळहळायला हवे होते.

या सगळ्या पडझडीत एक थिएटर मात्र वेगळीच गोष्ट सांगते. मुंबई सेंट्रलचे मराठा मंदिर. १९५८ साली ते उघडले. १९६० साली ‘मुगल-ए-आझम’ची रिळे सजवलेल्या हत्तीवरून तिथे आणली गेली. आणि १९९५च्या ऑक्टोबरात लागलेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ कोविडचा खंड सोडला तर आजतागायत तिथे रोज साडेअकराला लागतो. तिकीट ५० रुपयांच्या आसपास. हा चित्रपट अभिजात आहे का, यावर ज्यांना वाद घालायचा त्यांनी घालावा. आमचे लक्ष त्या वेळेकडे आहे: साडेअकरा. पुढचे खेळ नव्या चित्रपटांचे, आणि रिकाम्या दुपारी जुना. समोर एस.टी.चे आगार, पलीकडे रेल्वे स्थानक. प्रेक्षक कोण, तर गाडीची वाट पाहणारे, आसपासचे कामगार, कॉलेजची मुले, नवपरिणीत जोडपी. म्हणजे मॅटिनीचा जुना हिशेब तीस वर्षे तिथे जसाच्या तसा चालू आहे, आणि त्यासाठी ना अनुदान लागले, ना शताब्दी.

हे एका हिंदी चित्रपटाच्या बाबतीत मुंबईत जमते, तर मराठी चित्रपटांच्या बाबतीत कोल्हापूर, सांगली, नाशिक, अमरावतीत का जमू नये? अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली लागला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. त्यातल्या हंसाबाई वाडकरांना त्या पडद्यावर पाहिलेले आता थोडेच उरले असतील. त्या प्रेक्षकांच्या नातवंडांनी तो चित्रपट पाहिलाय, पण तुकड्या-तुकड्यांत, लावणीपुरता, मोबाइल आडवा धरून.

कायद्याची अडचण वाटते तेवढी नाही. आपल्याकडे चित्रपटावरचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. ‘संत तुकाराम’, ‘माणूस’, ‘रामशास्त्री’, ‘लाखाची गोष्ट’, ‘श्यामची आई’, ‘सांगत्ये ऐका’, ‘जगाच्या पाठीवर’ हे सगळे त्या मर्यादेपलीकडे गेले आहेत. कथेचे आणि गाण्यांचे हक्क वेगळे असू शकतात, पण ते प्रश्न राज्य सरकारने एकदा एकत्र बसून मिटवण्यासारखे आहेत. प्रती संग्रहालयाकडे आहेत, डागडुजीचे काम चालू आहे. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी २०२५च्या सप्टेंबरात ५ टक्क्यांवर आला आहे. चालू एकपडदा थिएटरांत डिजिटल यंत्र आहे आणि दुपारी बाराला बहुधा ते बंदच असते. तेव्हा मागणी छोटी आहे. प्रत्येक जिल्ह्यात एक जुने, चालू स्थितीतले थिएटर निवडावे. तिथे आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, वर्षभर, जुना मराठी चित्रपट लावावा. संग्रहालयाने प्रत नाममात्र भाड्याने द्यावी. उद्घाटन नको, दीपप्रज्वलन नको, चित्रपटाआधी कोणाचे भाषण तर मुळीच नको. मुंबई-पुण्यात एखाद्या थिएटरात पस्तीस मिलिमीटरचे यंत्र चालते ठेवता आले आणि ज्या ऑपरेटरांचे हात अजून चालतात त्यांच्याकडून चार तरुण ते शिकले, तर सोन्याहून पिवळे.

फाळके प्रक्षेपणयंत्र बैलगाडीत घालून गावोगाव जात. त्यांच्या नावाने दरवर्षी पुरस्कार वाटणाऱ्या देशाला आठवड्याचा एक खेळ जड जाऊ नये.

येणार कोण, हा शेवटचा आक्षेप. पहिल्या महिन्यात पंचवीस-तीस माणसे येतील. त्यातली निम्मी उन्हातून आत शिरलेली असतील, काही मध्यंतरापर्यंत झोपतील. मॅटिनीत हे नेहमीच होत आले आहे आणि त्यावर कोणी कधी परिसंवाद भरवला नव्हता. तीस माणसांच्या तिकिटांत वीजबिल आणि डोअरकीपरचा रोज निघणार नाही, हेही उघड आहे. सुरुवातीची दोन वर्षे तेवढी तूट सरकारने सोसावी. एका पुरस्कार सोहळ्याच्या मांडवाला काय खर्च येतो ते मंत्रालयात ठाऊक आहे. बाराच्या एका खेळाला किती युनिट जळतात ते कोणत्याही गावच्या थिएटरवाल्याला तोंडपाठ असते, त्याला एकदा विचारून पाहावे.